छातीवर मेडल, कागदावर निल

सातारा जिल्ह्यात एका गावाच्या नावातच लष्कर आहे. अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावचे ४६ जवान परमुलखात पडले. गावात त्यांचे स्मारक झाले आणि 'मिलिटरी' ही पदवी गावाला कायमची चिकटली. सातबारा, पोस्ट, एसटीची पाटी, सगळीकडे. म्हणजे गावाच्या पराक्रमाची नोंद एकदम चोख.

आता त्याच मुलखातल्या, म्हणजे खटाव-माण-कोरेगावच्या किंवा पलीकडे तासगाव-वाळवा-शिराळ्याच्या एखाद्या ऐंशीतल्या फौजीकडून त्याचे डिस्चार्ज बुक मागून घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक पलंगाखाली, असा त्याचा पत्ता असतो. हलक्या हाताने उघडा, पाने सुटतात. पदकांच्या रकान्यावर या. ज्याने १९६५ पाहिले, १९७१ पाहिले, त्याच्याही रकान्यात कधी कधी इंग्रजी टाइपरायटरने तीन अक्षरांचा निकाल दिलेला असतो: निल.

आणि १६ डिसेंबरला विजय दिवसाचे निमंत्रण येते, त्यात खाली टीप असते: 'कृपया पदके परिधान करून यावे.'

आता म्हाताऱ्याने काय करायचे? सरकारचे निमंत्रण मानले तर सरकारचे रेकॉर्ड खोटे पडते. रेकॉर्ड मानले तर उघड्या छातीने फेटा बांधायला जावे लागते. आमचे फौजी शिस्तीचे. ते दोन्ही पाळतात. मेडल लावून जातात आणि डिस्चार्ज बुक घरी ठेवून जातात.

पदकांच्या दोन जाती असतात, हे आधी सांगायला हवे. पहिली शौर्याची. मणेराजुरीचे पांडुरंग साळुंखे १५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९७१ च्या डिसेंबरात पंजाब सीमेवर बुर्जच्या लढाईत ते पडले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. असे पदक राष्ट्रपतींच्या नावाने राजपत्रात छापून येते. ते कुणा कारकुनाला नाकारता येत नाही, कारण राजपत्र देशभरच्या ग्रंथालयांत पडलेले असते. दुसरी जात लढाईत हजर असल्याची. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल; १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. शिवाय सैन्य सेवा मेडल, लांब नोकरीची मेडले. ही एकेका जवानाच्या नावाने राजपत्रात येत नाहीत. पलटणीने यादी करायची, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा हुकूम, काढायची, ती रेकॉर्ड ऑफिसला पाठवायची, तिथल्या बाबूने ती त्या त्या जवानाच्या कागदावर उतरवायची. या साखळीत कुठेही कुणाला चहाची तलफ आली, की एक जवान लढाईतून गायब.

त्यात पदके जाहीर होतात लढाईनंतर, आणि टांकली जातात त्याहून नंतर. तोवर पलटण हलते, ऑर्डर मागे राहते आणि जवान रिटायर होऊन उसाला पाणी पाजत असतो. मेडल पलटणीत येते तेव्हा माणूस पलटणीत नसतो. मग ते परत जाते. कुठे, ते मेडललाच माहीत.

रेकॉर्ड ऑफिसे तरी एका जागी आहेत का? मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, सिग्नलचे जबलपूरला, महार रेजिमेंटचे सागरला, ईएमईचे सिकंदराबादला. साताऱ्याच्या एका आळीतल्या चार फौजींना चार राज्यांत पत्रे घालावी लागतात. राष्ट्रीय एकात्मता यालाच म्हणत असावेत.

समजा, आपला एक हवालदार आहे. नाव घेऊ नका, गाव घेऊ नका, त्याला पुन्हा कागद लागतील. तो एका कार्यालयात जातो. कोणत्या, तेही राहू द्या.

"बाबा, मेडल आहे ना तुमच्याकडं?"

"हाय की."

"मग झालं तर."

"पर साहेब, बुकात न्हाय."

"नसू द्या. पेन्शन चालू आहे ना? मग त्यानं तुम्हाला काय मिळणार?"

हा प्रश्न नीट ऐका. सरकारी टेबलापलीकडून येणाऱ्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत प्रामाणिक आहे. हजेरीच्या मेडलमागे पैसे नसतात, जमीन नसते, गॅस एजन्सी नसते. म्हणजे अर्जदाराला काहीच नको आहे. आपल्याकडे पैसे मागणाऱ्याचे लोकांना नवल वाटत नाही. काहीच न मागणाऱ्याचा संशय येतो. म्हातारा एवढ्या लांबून एसटीने आला, गुडघे दुखतात, वर दोन वेळा जिना चढला आणि म्हणतो काय, तर मी तिथे होतो एवढे लिहा. याच्यामागे नक्की कोण आहे?

"मेडल खरं कशावरून?" हा पुढचा प्रश्न. त्यात तथ्य आहे, हे कबूल करायला हवे. छावणीतल्या लष्करी शिंप्याच्या दुकानात हवे ते मेडल रिबनसकट मिळते, कुणी कागद विचारत नाही. परंतु सरकारी मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेले असते. भिंग घेतले की दिसते. पदक स्वतःच स्वतःचा पुरावा आहे. सरकारने आपल्या हाताने धातूवर नाव ठोकायचे आणि कागदावर मात्र विसरायचे, मग धातूला विचारायचे की तुझा कागद कुठे आहे! भिंग घ्यायला कुणी तयार नसते, कारण भिंगाची मागणी नोंदवायला वेगळा फॉर्म लागेल.

बरे, ज्याला पेन्शनही नाही त्याने मूळ कागद काढून पाहा म्हटले, तर उत्तर येते ते मोठे देखणे. लष्कराच्या नियमावलीत ५९५ क्रमांकाचा परिच्छेद आहे. पेन्शनविना घरी गेलेल्या जवानाची सेवा-कागदपत्रे २५ वर्षे ठेवायची, नंतर नष्ट करायची. उरतो फक्त लाँग रोल, म्हणजे नाव, नंबर, भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख आणि मोजकी ओळ-दोन ओळ. न्यायाधिकरणांच्या निकालपत्रांत हे वाक्य इतक्या वेळा आले आहे की त्याचाच शिक्का बनवून घ्यावा: 'विहित मुदतीनंतर कागदपत्रे नष्ट करण्यात आली आहेत.' त्याच्या पुढच्या ओळीत अर्जदाराने आपल्या म्हणण्यासाठी पुरावा सादर केलेला नाही असे येते. आपण जाळायचे आणि राख त्याच्याकडे मागायची. इतके सरळ काम दुसऱ्या कुठल्या खात्यात होत असेल असे वाटत नाही.

अमेरिकेत हेच अपघाताने झाले. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या लष्करी कागदागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून जास्त सैनिकांच्या फायली गेल्या. मग तिथल्या सरकारने काय केले? पगारपत्रके, पलटणीचे रोजचे हजेरी अहवाल, इस्पितळातली नोंद, मिळेल ते जमवून फायली पुन्हा उभ्या करायला बसले. सैनिकाचे सेवामुक्तीचे प्रमाणपत्र चुकले तर ते दुरुस्त करणारा वेगळा छापील फॉर्म आहे, आणि वर दाद मागायला नोंद-दुरुस्ती मंडळ आहे. तिथेही म्हातारे फौजी खेटे घालतात, कटकटी करतात, नाही असे नाही. फरक एवढाच, की तिथे आग लागली म्हणून सरकार ओशाळले. आपल्याकडे आग नियमात बसते, त्यामुळे ओशाळायचे कारण उरत नाही.

सांगलीकरांचे दुखणे आणखी निराळे. १९४९ पर्यंत हा मुलूख काही साताऱ्यात, काही संस्थानांत. १९४९ ला दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला, १९६० ला त्याचे सांगली झाले. तासगावचा पोऱ्या १९५८ ला भरती झाला तर त्याच्या कागदावर जिल्हा दक्षिण सातारा. आधार कार्डावर सांगली. संगणकाच्या यादीत दक्षिण सातारा नावाचा जिल्हाच नाही. जवान एकाच घरात जन्मला, त्याच घरात म्हातारा झाला, जिल्हा मात्र अंगावरून बदलून गेला. आता इस्लामपूरचेही ईश्वरपूर झाले. नामांतराचा पेढा खाताना कुणाला आठवले असेल, की या गावाच्या नावाने भरती झालेल्यांना यापुढे आणखी एक प्रतिज्ञापत्र लागणार आहे?

नावांचे तर विचारूच नका. भरतीच्या रांगेत बाबूने कानाला आले तसे लिहिले. जाधव झाला जादव, भाऊसाहेब झाला भाव साहब, आडनाव राहिले आणि बापाचे नाव आडनाव होऊन बसले. लढाईत हे चालते, शत्रू स्पेलिंग बघत नाही. दुरुस्तीत चालत नाही. प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, सैनिक बोर्डाचा शेरा. सातारा आणि सांगलीतल्या सैनिक बोर्डात बसणारे बहुतेक स्वतः माजी फौजीच असतात. जमेल तेवढे करतात, हे नाकारून कसे चालेल? पण शिक्का त्यांचा आणि दप्तर दुसऱ्याचे, तिथे त्यांचाही हात तोकडा.

वरच्या पायरीवर जायचे तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने झाले, आमच्या वाट्याला मुंबईचे खंडपीठ. अर्जाची मुदत साधारण सहा महिने. इथे कायद्याची मोठी गंमत आहे. पेन्शन कमी मिळाली तर ती चूक दर महिन्याला नव्याने घडते असे न्यायालय मानते, त्यामुळे उशिरा गेले तरी दार उघडे राहते, थकबाकी फारतर तीन वर्षांची मिळते. मेडलची नोंद राहिली ती मात्र एकदाच राहिली, १९७२ ला. मग मुदत संपली. उशीर माफ करा म्हणून निराळा अर्ज, आणि उशीर का झाला याचा खुलासा. खुलासा काय द्यायचा? 'साहेब, मला वाटले सरकारने लिहिले असेल' हा काही खुलासा नव्हे. तो तर भाबडेपणाचा कबुलीजबाब झाला.

नोंदीसाठी भांडावे लागते ते फक्त खेड्यातल्या शिपायालाच, असा समज असेल तर तोही काढून टाका. कारगिलच्या बटालिक भागात ब्रिगेड चालवणारे ब्रिगेडियर देविंदर सिंह यांना युद्धाच्या अधिकृत वृत्तांतातली आपली कामगिरी पुसली गेल्याबद्दल न्यायाधिकरणात जावे लागले. २०१० च्या मे महिन्यात निकाल लागला: वृत्तांत दुरुस्त करा. लढाई १९९९ ची. ब्रिगेडियरला ११ वर्षे लागली, त्याच्याकडे इंग्रजी होते, वकील होते, वर्तमानपत्रे होती. त्याच हिशेबाने हवालदाराला किती लागतील, हे त्रैराशिक चौथीच्या पोरालाही सुटेल.

आणि आता आमचे मुरलीकांत पेटकर. वाळवा तालुक्यातले पेठ हे त्यांचे गाव. ईएमईमधला जवान, बॉक्सिंग खेळणारा. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर अंगात गोळ्या शिरल्या, एक मणक्यात राहिली. कमरेखालचे शरीर गेले. बाकीच्यांनी खाटेवर बसून नशिबाला शिव्या घातल्या असत्या. हा गडी पोहायला शिकला. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक. विश्वविक्रम. ऑलिम्पिक असो वा पॅरालिम्पिक, भारताचे वैयक्तिक सुवर्ण त्याआधी कुणीच आणले नव्हते.

सुवर्ण जर्मनांनी दिले, त्याची नोंद जर्मनांनी ठेवली. आपल्या वहीत काय? १९८२ ला त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी दाद मागितली, ती फेटाळली गेली. २०१८ ला पद्मश्री आली. जून २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावरचा 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षात, अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव विभागातला. सुवर्ण १९७२ चे, अर्जुन २०२५ चा. मध्ये ५२ वर्षे आणि एक हिंदी सिनेमा.

म्हणजे कार्यपद्धती स्पष्ट आहे. अर्ज, स्मरणपत्र, माहिती अधिकार, न्यायाधिकरण हे सगळे करून पाहावे. आणि शेवटी त्या सिनेमाच्या दिग्दर्शकाला, कबीर खानला गाठावे. अडचण एवढीच की खटाव तालुक्यात जेवढे फौजी आहेत तेवढे दिग्दर्शक मुंबईतही नाहीत, आणि प्रत्येकासाठी पेटकर साकारणाऱ्या कार्तिक आर्यनने वजन उतरवायचे म्हटले तर पोरगा हाडे मोजण्यापुरताच उरेल.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना तर सिनेमाही वेळेवर लाभला नाही. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. नंतर नोकरी मुंबई पोलिसांत. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, मधली पंधराएक वर्षे सरून गेल्यावर. कृष्णाकाठी माणसे वेळेवर जन्मतात, वेळेवर लढतात, वेळेवर मरतात. उशिरा येते ते फक्त पत्र.

हा रोग लष्करापुरता नाही, हेही याच मातीने दाखवून दिले आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातल्या भूमिगतांना पुढे पेन्शनसाठी पुरावे मागितले गेले: तुरुंगाचा दाखला आणा, किंवा फरारी घोषित केल्याचा कागद, पकडण्यासाठी लावलेल्या बक्षिसाचा कागद आणा. जो पकडला गेला त्याला जेलरने दाखला दिला. जो इतका हुशार की इंग्रजाला त्याचे नावही कळले नाही, तो पुराव्याअभावी स्वातंत्र्यसैनिक ठरला नाही. कुंडलच्या रानात रात्री काढलेल्यांनी हजेरीपट ठेवायला हवा होता, खरेच.

गोऱ्यांचेही दप्तर काही सोवळे नव्हते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली आणि हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा टाकला. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने आपल्याच अहवालात अशी हेळसांड मान्य केली: किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, बहुतांश पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तमधले, नावाने किंवा मुळीच स्मरले गेले नाहीत. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, चूक दप्तराची होती असे दप्तराने म्हटले. आपल्या दप्तराला स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षे झाली, त्याच्या तोंडून एवढे एक वाक्य अजून यायचे आहे.

माजी सैनिकांचे मेळावे होतात. शाल, श्रीफळ, फेटा, पालकमंत्र्यांचे भाषण, जेवणात जिलेबी. तिथे रेकॉर्ड ऑफिसचे टेबलही लागते, नाही असे नाही, पण त्यापुढची रांग पेन्शनच्या आकड्यांची असते आणि असायलाच हवी. त्या टेबलाशेजारी दुसरे टेबल लावायला काय अडते? एक बाबू, एक भिंग, एक लाँग रोल. जवान मेडल काढून देईल, बाबू कडेवरचा नंबर वाचेल, रोलशी ताडेल, जुळले तर नोंदीची शिफारस तिथल्या तिथे करील. जुळले नाही तर तसे लेखी देईल. मंत्र्यांचे भाषण दहा मिनिटे आखडले तर रांगेतल्या पहिल्या पाचजणांचे काम होऊन जाईल.

ते होईपर्यंत ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. डिस्चार्ज बुकाची आजच रंगीत झेरॉक्स काढा, मूळ प्रत जीर्ण झालेली असते. मेडलच्या कडेचा फोटो काढा, नंबर वाचता येईल असा. रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिताना भावना लिहू नका. नंबर, हुद्दा, पलटण, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कुठे, एवढेच लिहा आणि नोंद कोणत्या पार्ट टू ऑर्डरने झाली किंवा का झाली नाही, ते विचारा. उत्तर आले नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात लाँग रोलचा उतारा मागा. फौज त्या कायद्याबाहेर नाही. नाव, जिल्हा, जन्मतारीख यांत फरक असेल तर तो आधी मिटवा, नाहीतर मेडलची फाइल स्पेलिंगवर अडते. आणि हे सगळे म्हातारा हयात असताना करा. नंतर वारसाचा दाखला लागतो, आणि तो कसा मिळतो हे सांगायला दुसऱ्या आठवड्याचे सदर लागेल.